सालीआडचे भुंगेरे आणि झाडांची मर

ठाकुर्लीस मी पूर्वी ज्या शाळेत शिक्षक होतो, तिच्या आवारात एक रायवळ आंबा होता. आवाराच्या मागून लोहमार्ग जाई आणि मधल्या सुटीत गाड्यांची ये-जा पाहत मुले त्या झाडाच्या सावलीत डबे खात. एका पावसाळ्यात त्याची एक जाड फांदी मोडून पडली. लाकूड वाया जाऊ नये म्हणून आम्ही तिचे ओंडके करविले आणि मुलांना बसावयास बरे, अशा विचाराने ते बुंध्याभोवतीच मांडून ठेविले. त्याआधी दोन वर्षे आम्हीच हौसेने बुंध्याला अगदी लगटून सिमेंटचा पार बांधला होता. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा ओंडक्यांवर पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला. पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी तसाच भुसा उभ्या बुंध्यावरही दिसू लागला. चौथीतील एका मुलाने विचारले, “गुरुजी, झाडाला कुणी टाचण्या टोचल्या?” सालीवर खरोखरच टाचणीने टोचल्यासारखी गोल, स्वच्छ छिद्रे होती. मी त्याला सांगितले की, झाड आता म्हातारे झाले आहे.

ते उत्तर चुकीचे होते. झाड म्हातारे झाले म्हणून त्याला छिद्रे पडत नाहीत; छिद्रे पाडणारा कोणीतरी असतो, आणि बहुधा तो एकटा येत नाही. त्या मुलास काय सांगावयास हवे होते, याची माहिती मी नंतर मिळविली. परिसर अभ्यास शिकविताना शिक्षकबंधुभगिनींना तिचा उपयोग व्हावा म्हणून ती येथे देत आहे.

झाडाच्या खोडात राहणारे जे अगदी बारीक भुंगेरे आहेत, त्यांचे दोन वर्ग ध्यानात ठेवणे सोयीचे असते. पहिल्या वर्गातील भुंगेरे साल आणि लाकूड यांच्या मधल्या पातळ, ओलसर थरात राहतात. तेथेच मादी बोगदा खणते, त्याच्या दोन्ही कडांना अंडी घालते आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्या आपापला मार्ग पोखरीत बाजूला सरकत जातात. वाळलेली साल सोलून पाहिली तर मधला बोगदा व त्यापासून दोन्ही बाजूंस फुटलेल्या असंख्य रेषा अशी गोमेच्या आकाराची नक्षी दिसते. यांना आपण सालभुंगेरे म्हणू. दुसऱ्या वर्गातील भुंगेरे साल भेदून थेट लाकडात शिरतात. त्यांची छिद्रे टाचणी जाईल एवढी असतात, म्हणून आपल्या शेतकऱ्यांत ‘पिन होल बोरर’ किंवा ‘शॉट होल बोरर’ ही इंग्रजी नावेच रूढ झाली आहेत. ही मादी जेमतेम दोन ते अडीच मिलिमीटर लांबीची, म्हणजे तिळाच्या दाण्याहून मोठी नाही. नर त्याहूनही लहान असतो. त्यास उडता येत नाही आणि त्याचे सारे आयुष्य बहुधा बोगद्यातच सरते.

या दुसऱ्या वर्गाची एक गोष्ट मुलांना फार आवडते, असा माझा अनुभव आहे. हे भुंगेरे लाकूड खातच नाहीत. लाकूड पोखरून ते बाहेर टाकतात. आपण पाहतो तो भुसा तोच. मादीच्या तोंडाजवळ एक सूक्ष्म पिशवी असते आणि तीत एका बुरशीचे बीजाणू जपून ठेविलेले असतात. बोगदा तयार झाला की ती हे बीजाणू त्याच्या भिंतींवर पेरते. काही दिवसांत बुरशीचे पीक येते आणि मादी व तिची पिल्ले त्यावर गुजराण करतात. नव्या पिढीतील मादी बाहेर पडताना आपल्या पिशवीत पुन्हा बियाणे भरून घेते. मनुष्याने शेती सुरू केली त्याच्या कितीतरी आधीपासून या किड्यांची शेती चालू आहे. दुर्दैव एवढेच की, त्यांचे शेत म्हणजे आपले झाड होय.

बुरशी आणि भुंगेरा यांची जोडी मिळून केवढा अनर्थ करू शकते, हे जगाला नीट उमजले ते एल्म नावाच्या वृक्षामुळे. युरोप व उत्तर अमेरिका येथील रस्त्यांच्या कडेला, कालव्यांच्या काठी आणि शेतांच्या बांधांवर हा उंच, डौलदार वृक्ष फार पूर्वीपासून लावीत आले आहेत. आपल्याकडे तो नसला तरी त्याचा एक सोयरा आपल्या परिचयाचा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि मोकळ्या पानझडी रानांत आढळणारा वावळ हा एल्मच्याच कुळातला. त्याची चपटी, वाटोळी, कागदी पंखाची फळे उन्हाळ्याच्या सुरुवातीस वाऱ्यावर उडतात. ती मुलांच्या हाती देऊन, याच्या नात्यातील एका झाडाची ही हकीकत आहे असे सांगितले म्हणजे परक्या मुलखातील गोष्टही जवळची वाटू लागते.

१९१९ च्या सुमारास, पहिले महायुद्ध संपते न संपते तोच, हॉलंड, बेल्जियम व फ्रान्स या देशांत एल्मची झाडे भर उन्हाळ्यात शेंड्याकडून सुकू लागली. लोकांनी नाना तर्क केले. कोणी अवर्षणास दोष दिला, तर कोणी रणांगणावर सोडलेल्या विषारी वायूंचा हा परिणाम असावा असे म्हटले. हॉलंडमध्ये योहाना वेस्टरडाइक या विदुषी वनस्पतिरोगांच्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. १९१७ मध्ये त्या देशातील पहिल्या स्त्री-प्राध्यापक होण्याचा मान त्यांना मिळाला होता. त्यांच्या विद्यार्थिनी बेआ श्वार्त्स यांनी सुकलेल्या फांद्यांतून एक बुरशी वेगळी केली आणि १९२२ मध्ये हीच रोगाचे कारण होय असे प्रतिपादन केले. पुष्कळांना ते पटले नाही. पुढे क्रिस्टीन बाउसमन या दुसऱ्या विद्यार्थिनीने निरोगी झाडांना योग्य ऋतूत ही बुरशी टोचून रोग उत्पन्न करून दाखविला, तेव्हा १९२७ मध्ये वादावर पडदा पडला. ज्या देशाने रोगाचे मूळ शोधले त्याचेच नाव रोगाला चिकटले आणि तो ‘डच एल्म रोग’ म्हणून प्रसिद्ध झाला. वास्तविक तो हॉलंडात जन्मला असा काही पुरावा नाही. अभ्यास करणाराच्या माथी अपकीर्ती यावी, असे कधीकधी घडते खरे!

बुरशी सापडली, परंतु ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते कशी, हा प्रश्न उरला. तिला पाय नाहीत; आणि जी लाकडाच्या आत दडलेली, तिला वारा तरी कसा नेणार? याचे उत्तर सालभुंगेऱ्यांत मिळाले. या भुंगेऱ्यांना पिल्ले वाढविण्यासाठी मरणोन्मुख किंवा नुकते तोडलेले एल्म लागते, परंतु स्वतःची भूक भागविण्यासाठी ते निरोगी झाडाच्या कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यांत जाऊन साल कुरतडतात. साऱ्या अनर्थाचे मूळ या दोन सवयींत आहे. मेलेल्या झाडाच्या सालीखाली, भुंगेऱ्याच्या बोगद्यातच, बुरशीचे बारीक देठ उभे राहतात आणि प्रत्येकाच्या टोकावर बीजाणूंचा चिकट थेंब असतो. कोषातून बाहेर पडलेला नवा भुंगेरा त्या थेंबांना घासतच निघतो आणि अंगावर बीजाणू घेऊन निरोगी झाडाकडे उडतो. तेथे त्याने केलेली जखम इतकी लहान असते की झाडास तिचे काहीच वाटू नये. पण तेवढ्या दारातून बुरशी जलवाहिन्यांत उतरते.

यापुढील भाग मुलांना समजावून द्यावयाचा असेल तर एक साधा प्रयोग करावा. पावसाळ्यात आपल्या माळरानांवर तेरडा उगवतो. त्याचे एक रोप मुळासकट उपटून, मुळे स्वच्छ धुऊन, लाल शाई घातलेल्या पाण्यात उभे करावे. देठ पारदर्शक असल्याने काही वेळाने त्यातून तांबड्या रेषा वर चढताना दिसतात. या रेषा म्हणजे झाडाचे नळ. आता या नळांत बुरशी वाढू लागली तर काय होईल, असा प्रश्न मुलांना विचारावा. नळ बुरशीनेच चोंदतो, हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. आत शत्रू शिरला हे जाणून झाडही आपले नळ आतून बंद करू लागते. शेजारच्या पेशी फुगून नळात शिरतात, डिंकासारखा पदार्थ स्रवतो. शत्रूस कोंडण्यासाठी घातलेल्या या बांधांमुळे झाडाचे स्वतःचेच पाणी तुटते. वरची पाने मुळांत भरपूर ओल असतानाही तहानेने वाळतात. फांदी आडवी कापली तर जलवाहिन्यांच्या जागी तपकिरी ठिपक्यांचे कडे दिसते. शेजारशेजारच्या एल्मची मुळे जमिनीखाली एकमेकांस जुळलेली असली तर बुरशी त्या वाटेनेही सरकते आणि मग भुंगेऱ्याचीही गरज राहत नाही.

हा रोग १९२७ मध्ये इंग्लंडात आणि १९३० मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात आढळला. दोन्हीकडे त्याने प्रवास केला तो मनुष्याच्या मदतीने, साल न काढलेल्या ओंडक्यांतून. काही वर्षांनी युरोपात रोगाचा जोर ओसरला असे वाटत असतानाच, १९६० नंतर उत्तर अमेरिकेतून आलेल्या ओंडक्यांबरोबर त्याच बुरशीची अधिक जहाल बहीण ब्रिटनमध्ये उतरली आणि तिने अडीच कोटींहून अधिक एल्म मारले. उलट ॲमस्टरडॅम शहरात आजही कालव्यांच्या काठी हजारो एल्म उभे आहेत. त्यामागे कोणते दिव्य औषध नाही. रोगी झाड दिसताच ते ताबडतोब काढणे आणि त्याचे लाकूड सालीसह पडून न देणे, हा नियम तेथे कसोशीने पाळला जातो. साल सोलली की सालभुंगेऱ्याचे घरच नाहीसे होते.

हिमालयातील हकीकत याहून निराळी आहे. तेथे एल्मच्या रानटी जाती आहेत, त्यांवर सालभुंगेरे आहेत आणि १९९५ मध्ये ब्रेझिअर व मेहरोत्रा या संशोधकांनी त्या भुंगेऱ्यांच्या बोगद्यांतून याच गोतावळ्यातील एक नवी बुरशी शोधून काढली. तरीही तेथील एल्म मरीने उजाड झालेले नाहीत. झाड, किडा आणि बुरशी ही तिघे दीर्घकाळ एकत्र नांदली की त्यांच्यात एक प्रकारची तडजोड होते. त्यांतील एकास उचलून परक्या मुलखात नेले की ती तडजोड मोडते. झाडाची कलमे, रोपे, ओंडके आणि खोकी यांची देशोदेशी ने-आण होत असते, तेव्हा याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते.

आंब्याच्या बाबतीत असेच घडले आहे. १९९८ मध्ये ओमानच्या बातिना किनारपट्टीवर आंब्याची झाडे अकस्मात वाळू लागली. खोडातून डिंक पाझरे आणि सालीत बारीक छिद्रे दिसत. जवळजवळ त्याच काळात पाकिस्तानातही हीच मर दिसू लागली. ब्राझीलमधील बागाइतदारांस तर ती पूर्वीपासूनच ठाऊक होती. प्रत्येक ठिकाणी सेराटोसिस्टिस या वंशाची बुरशी आणि तिच्या सोबतीस आंब्याच्या सालीखाली राहणारा भुंगेरा आढळला. हापूस ज्या कोकणाचे धन आहे तेथील शिक्षकांनी ही नोंद घ्यावी. आपल्याकडे आंब्याच्या खोडात शिरणारे ‘भिरूड’ सर्वांस माहीत आहे. परंतु भिरूड म्हणजे बोटाएवढी अळी, तिचे छिद्र मोठे आणि भुसा जाडा. येथे वर्णिलेला भुंगेरा तिळाएवढा आणि त्याचा भुसा पिठासारखा. दोहोंची गल्लत करू नये.

सेराटोसिस्टिस वंशातीलच एका बुरशीने महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातील एका पिकाचा घास घेतला आहे, आणि ते पीक म्हणजे डाळिंब. सोलापूर, सांगली, नाशिक या जिल्ह्यांतील ज्या जमिनीत दुसरे काही धड पिकत नाही तेथे डाळिंबाने कित्येक कुटुंबे सावरली. मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने, पक्की घरे, सारे त्यावर झाले. डाळिंबाच्या ‘तेल्या’ रोगाचे नाव वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचले असेल. तो जिवाणूंमुळे होतो व फळे डागाळतो. पण तेल्यात एक हंगाम बुडतो, मरीत बागच जाते. कर्नाटकातील विजापूर भागात १९९० च्या सुमारास ही मर प्रथम लक्षात आली आणि पुढे तिच्या मुळाशी ही बुरशी असल्याचे सिद्ध झाले. आरंभी झाडाची एखादीच फांदी पिवळी पडते. शेतकऱ्यास वाटते, पाणी कमी पडले; तो पाणी वाढवितो. काही आठवड्यांत दुसरी फांदी जाते आणि पाहता पाहता सारे झाड पानांसकट उभे वाळते. खोड कापले तर आतील लाकडात काळपट तपकिरी पट्टे दिसतात.

येथे भुंगेऱ्याचा वाटा नेमका किती, हे काळजीपूर्वक सांगितले पाहिजे. एल्मच्या रोगात भुंगेरा हे मुख्य वाहन. डाळिंबाच्या मरीत मात्र बुरशीचे मुख्य ठाणे जमिनीत असते. ती मुळांतून शिरते. सूत्रकृमींनी मुळांना केलेल्या जखमा तिला वाट करून देतात. रोगट रोपे, छाटणीची कात्री आणि एका झाडाच्या बुडाशी साचून दुसऱ्याकडे वाहणारे पाणी तिला पसरवितात. शॉट होल बोरर या कारभारात भागीदार म्हणून येतो. मरीने खचलेल्या झाडाकडे तो आकर्षित होतो, खोडाची चाळण करतो आणि जे झाड कदाचित आणखी काही काळ तगले असते त्याचा शेवट जवळ आणतो. एका झाडात वाढलेली त्याची पिढी पुढच्या झाडाकडे जाते. २०२१-२२ च्या सुमारास, लागोपाठच्या अतिवृष्टीनंतर, सांगोला परिसरात या छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्यांचा असा काही प्रकोप झाला की अनेकांनी उभ्या बागा मुळापासून उपटून काढल्या. मुळांशी पाणी साचून झाडे गुदमरली होती, हे त्यातील मर्म आहे. सुदृढ झाडाच्या वाटेस हा किडा सहसा जात नाही. दुर्बळ झाडाचा वास त्यास दुरून लागतो.

सोलापूर येथे २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. मरीवर तज्ज्ञ जो उपाय सांगतात त्यात औषधाइतकेच महत्त्व सफाईला आहे. मेलेले झाड मुळांसह खणून काढावे. ते बागेतून फरफटत नेऊ नये, कारण मुळांची माती वाटेवर सांडते. आणि लगेच जाळून टाकावे. खोडाला गेरूचा लेप देताना त्यात शिफारस केलेले कीटकनाशक व ताम्रयुक्त बुरशीनाशक मिसळावे लागते. नुसत्या गेरूने छिद्रे थांबत नाहीत. आपल्या रस्त्यांवरील झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढलेले दिसतात, ते शोभेला व ओळखीला ठीक आहेत. त्यांनी झाडाचे रक्षण होते असे मात्र मुलांना सांगू नये.

पण शेतकरी उपटलेली झाडे लगेच जाळीत नाही, आणि त्याला नावे ठेवण्यापूर्वी त्याच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. चार-पाच वर्षे पोरासारखी वाढविलेली बाग गेली, कर्ज डोक्यावर राहिले. निदान सरपण तरी होईल म्हणून तो ती लाकडे बांधावर रचून ठेवतो. त्या ढिगात भुंगेऱ्यांची पुढली पिढी सुखाने वाढते. येथे साल सोलूनही भागत नाही, कारण हा किडा सालीत नसून लाकडात आहे. ज्या बांधावर असा ढीग असतो त्याला लागूनच बहुधा शेजाऱ्याची जिवंत बाग असते. एकाची काटकसर दुसऱ्यास महागात पडते आणि दोघांसही त्याचा पत्ता नसतो. ओंडक्यांची बाके करून आम्ही ठाकुर्लीस जे केले ते याहून निराळे नव्हते. फक्त आमचे पोट त्यावर अवलंबून नव्हते.

त्या आंब्याची पुढील हकीकत अशी. शहरी हद्दीत झाड किंवा त्याची मोठी फांदी तोडण्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते. ती घेऊन वाळू लागलेली एक फांदी उतरविली. कापलेल्या तोंडाशी लाकूड काळवंडलेले होते. वीतभर मागे पुन्हा कापले तेव्हा ते पांढरे, निरोगी लागले. बुरशी कोणती होती हे प्रयोगशाळेत पाहिले गेले नाही, म्हणून तिचे नाव मी येथे देत नाही. ओंडके शाळेबाहेर नेऊन जाळले. सिमेंटचा पार गवंड्याकडून फोडून बुंध्याभोवती हातभर माती मोकळी केली. तो बांधण्यास जेवढा खर्च आला होता जवळजवळ तेवढाच फोडण्यास आला.

त्यानंतर चौथीच्या वर्गास मी एक काम नेमून दिले. दर सोमवारी दोघा मुलांनी बुंधा पाहावयाचा आणि छातीइतक्या उंचीपर्यंत जेथे छिद्र दिसेल त्याभोवती खडूने वर्तुळ काढावयाचे. वर्तुळाबाहेर नवे छिद्र दिसले तर ते वहीत मांडावयाचे. जुन्याच छिद्रातून ताजा भुसा येत असेल तर किडा आत काम करीत आहे असे समजावयाचे, आणि भुसा थांबून छिद्राचे तोंड डिंकाने बुजले असेल तर त्यासमोर फुली. पहिल्या दोन महिन्यांत नव्या वर्तुळांची संख्या वाढतच गेली आणि मुले हिरमुसली. मार्गशीर्षात ती थांबली. पौषात झाडास मोहर आला, पण फांदी कापलेल्या बाजूस आला नाही. पावसाळ्यात खडू धुऊन जाई, म्हणून पुढच्या वर्षीच्या मुलांनी वर्तुळे गेरूने काढली.